मागच्या सीटवरची मालकीण

गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये मी मायलेज नंतर विचारलं, आधी स्पीकर वाजवून बघितले. डोक्यात चित्र असं होतं की खंडाळ्याचा घाट आहे, पाऊस लागलाय आणि आपण मल्हार लावलाय. आता गाडी तीच, स्पीकर तेच, पण मागे चाइल्ड सीटवर चार वर्षांची मालकीण बसते आणि बेल्टचा खटका लागायच्या आत ऑर्डर येते, "बाबा, शार्क!"

हा शार्क म्हणजे तोच हो, 'बेबी शार्क' गाण्यातला, कोरियातल्या पिंकफाँगवाल्यांनी २०१६ ला यूट्यूबवर सोडलेला. २०२० च्या नोव्हेंबरात तो जगात सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ झाला आणि २०२२ च्या जानेवारीत एक हजार कोटी व्ह्यूज पार करून गेला, लोकांना त्याचं नवल वाटलं, मला नाही वाटलं, त्यातला आमच्या घरचा वाटा मला माहितीये. बरं नुसतं ऐकून भागत नाही, त्याला हातवारे आहेत. बेबीला दोन बोटं, मम्मीला दोन तळवे, आणि डॅडी शार्क आला की दोन्ही हात खांद्यापासून उघडून हा मोठ्ठा जबडा. आता गाडीत डॅडी कोण? मी म्हटलं, बाळा, स्टिअरिंग कोण धरणार, तर म्हणे मग सिग्नलला कर. त्यामुळे राजाराम पुलाच्या सिग्नलला मी जबडा करतो आणि शेजारच्या स्कूटरवरचे काका (पुण्यात असूनही हेल्मेट घातलेले!) सावकाश हेल्मेटची काच वर करून बघून घेतात.

मग मी संस्कार करायला घेतले. 'नाच रे मोरा' लावलं. १९५३ चा 'देवबाप्पा', गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, आशाताईंचा आवाज, एवढी माणसं एका गाण्यात आणखी कुठे मिळणार, वगैरे सगळं सांगून झालं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात शार्क आहे?" नाही म्हटल्यावर पुढची शंका, "मोराला प्लीज का नाही म्हणत?"

शास्त्रीयचं तर विचारूच नका. विलंबित एकतालातला ख्याल लावला, समेवर येईपर्यंत एक सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला, आणि मागून आवाज, "बाबा, गाणं कधी सुरू होणार?" म्हटलं अगं चालू आहे की. "नाही, ते काका अजून शोधतायत."

शेवटी तह झाला, एक तुझं एक माझं. पण माझा ख्याल अर्धा तास चालतो आणि तिचं गाणं दोन-अडीच मिनिटांत संपतं हे बाईसाहेबांच्या लक्षात आल्यापासून हिशोब मिनिटांवर गेलाय. म्हणजे माझा एक ख्याल झाला की तिचे डझनभर शार्क, आणि ते आधी, कारण ती लहान आहे. हे आजीने शिकवलंय असा मला दाट संशय आहे.

परवा डोकं दुखत होतं म्हणून सरळ थाप मारली की आज नेट संपलंय, गाणी लागणार नाहीत. मागे शांतता. मी खूश. तेवढ्यात मॅपवाली बाई बोलली, "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा."

"बाबा," मागून प्रश्न आला, "मग हिचं नेट कोण भरतं?"

लावला शार्क.