बंदरासाठी कर्ज काढा, पण ते जालन्यापर्यंत पोचू द्या

पालघरच्या किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराबद्दल मराठवाड्यात फारसं कुणी बोलत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटर लांब, तिकडचं तिकडे बघतील, असा एकूण सूर असतो. पण हा ७६,२२० कोटींचा प्रकल्प आहे. १९ जून २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. बांधणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा (म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जेएनपीटीचा) वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. सागरी मंडळ म्हणजे राज्य सरकारच. तेव्हा वसमतचा हळद उत्पादक असो की सेलूचा जिनिंगवाला, या धंद्यात तो भागीदार आहे. त्याला कुणी विचारलं नाही, एवढंच.

मी निर्यातीच्या मालाचे कागद आणि कंटेनर लावून देण्याचं काम करतो. बहुतेक हळद, सूत, सरकी, कधी बियाणं. त्यामुळे बंदराचा खर्च माझ्यासाठी पेपरातली बातमी नाही, रोजच्या बिलातली ओळ आहे. आणि सुरुवातीलाच सांगतो, बंदरासाठी सरकारने कर्ज काढायला माझा विरोध नाही. उलट काढलंच पाहिजे. समुद्रात १० किलोमीटरहून लांब भिंत घालायची, १,४४८ हेक्टर भराव टाकायचा, ही कामं एखाद्या वर्षाच्या बजेटमधून होत नसतात. बंदर पुढची पन्नास-साठ वर्षं चालणार असेल, तर त्याचा बोजा आजच्या एकाच पिढीने का उचलायचा? कमावणाऱ्या गोष्टीसाठी कर्ज काढणं वेगळं आणि पगार भागवायला काढणं वेगळं. राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज असल्याचा अंदाज २०२५-२६च्या अर्थसंकल्पातच दिला होता. त्यातलं कमावणाऱ्या कामांवर किती गेलं, हे ज्याने त्याने शोधावं.

आता बंदराच्या कर्जाचं गणित कसं असतं ते बघू. हल्ली बंदर प्राधिकरण जमीनमालकासारखं काम करतं. लाटा अडवणारी भिंत, गाळ काढणं, भराव, आतले रस्ते, रेल्वेची साइडिंग (मालगाड्यांचा फाटा), वीज, पाणी हे सगळं त्याने करायचं. जहाजातून कंटेनर उतरवणारी टर्मिनलं खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने द्यायची आणि दर कंटेनरमागे किंवा उत्पन्नातून वाटा घ्यायचा. न्हावा शेवाला, म्हणजे जेएनपीटीच्या बंदरात, १९९९मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं, ते याच पद्धतीने. वाढवणचा साधारण निम्मा खर्च असाच खासगी टर्मिनलवाल्यांकडून यायचा आहे. उरलेला निम्मा सरकारी कंपनीच्या गळ्यात. त्यात थोडं भांडवल, बाकी कर्ज. जहाजं आली, डबे (म्हणजे कंटेनर) उतरले, तर वाटा येतो आणि हप्ता जातो. जहाजं आली नाहीत तर हप्ता तरीही जातोच.

हे नीट जमलेलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. न्हावा शेवा बंदर १९८९ला सुरू झालं, त्याच्या उभारणीत जागतिक बँकेचं कर्ज होतं. पुढे बंदराबाहेरच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागायला लागल्या, तेव्हा ते रस्ते रुंद करायला जेएनपीटीने २०१६मध्ये ४० कोटी डॉलरचं परदेशी कर्ज घेतलं. डॉलरमध्ये कर्ज म्हटलं की आपल्याला धडकी भरते, रुपया पडला तर काय? पण बंदराला परदेशी जहाजांकडून मिळणारे आकार डॉलरच्याच हिशोबाने ठरतात. ज्या चलनात कमाई त्याच चलनात हप्ता, त्यामुळे रुपया घसरला तरी पाय घसरत नाही. कर्ज काढणाऱ्याने एवढा विचार केला, तर माझ्यासारख्या माणसाला झोप लागते. त्या कर्जाचा पैसा बंदराच्या कंपाउंडबाहेरच्या रस्त्यावर गेला, हे मुद्दाम ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

न जमलेली उदाहरणंही आहेत. श्रीलंकेने चीनच्या कर्जातून हंबनटोटा बंदर बांधलं, २०१०ला सुरू केलं. जहाजांचा मुख्य मार्ग डोळ्यांसमोरून जातो, पण तिथे थांबून काही उतरवावं असा माल आणि बाजार मागे नव्हता. २०१७ला ते ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीला द्यावं लागलं. आपल्या रायगड जिल्ह्यातलं दिघी बंदर खासगी होतं, बँकांच्या कर्जावर उभं राहिलं, मागे रेल्वे नव्हती, रस्ता धड नव्हता. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२१ साली ७०५ कोटींना दुसऱ्याकडे गेलं. बँकांनी त्यात किती सोडून दिलं ते बघितलं की पोटात गोळा येतो, कारण तो पैसा ठेवीदारांचा.

दोन्हीकडे खोल पाणी होतं. मागून येणारा माल नव्हता. पाण्याची खोली निसर्ग देतो, वाढवणला तर २० मीटरच्या आसपास मिळते आणि मोठ्यातली मोठी जहाजं येऊ शकतील. पण जहाज भरायला माल जमिनीवरूनच यावा लागतो. ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जायचा. भडोच मोठं झालं ते आतल्या गावांच्या मालावर. तेरच्या संग्रहालयात एकदा जाऊन या. त्या काळात आपलं जगाशी काय नातं होतं ते तिथल्या हस्तिदंती बाहुलीकडे बघून कळतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. बंदराचं कर्ज किनाऱ्यावर संपता कामा नये. मराठवाड्यातली रेल्वे, जालन्याचं ड्रायपोर्ट (समुद्रापासून दूर, कंटेनर जमवून बंदराकडे पाठवायची जागा), रिकाम्या डब्यांचं यार्ड हे त्याच प्रकल्पाचे भाग मानून, त्याच हिशोबात, त्याच मुदतीत झाले पाहिजेत. विहिरीला कर्ज काढलं, पाणी लागलं, आणि मोटर-पाइपलाइनला पैसा उरला नाही, असं झालेले शेतकरी आपण सगळ्यांनी पाहिलेत. बँकेचा हप्ता विहिरीला पाणी लागलं का एवढंच बघतो, ते शेतात पोचलं का हे विचारत नाही.

वसमतच्या गोदामातून हळदीचा कंटेनर निघतो तेव्हा काय होतं ते सांगतो. आधी रिकामा डबा लागतो. तो बहुतेक वेळा न्हावा शेवाहून नाहीतर संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याहून आणावा लागतो, येतानाचं भाडंही आपल्याच माथी. डबा आला की आत शिरून दार लावून घ्यायचं आणि वर बघायचं, कुठून उजेड येतो का. पत्र्याला भोक असेल तर उजेड दिसतो, आणि जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. मग खाली-बाजूंनी तपकिरी कागद लावायचा, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, कट्टे रचायचे, दार लावून सील ठोकायचं, सीलच्या नंबरचा फोटो काढायचा. हे सगळं आमचे हमाल इतकं निगुतीनं करतात की बघत राहावं. पुढे समृद्धी महामार्गावरून गाडी सुसाट जाते, नंतर बंदराजवळ अडकते. जहाजाची कट-ऑफ वेळ (माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ) हुकली की डबा पुढच्या जहाजावर. ड्रायव्हरचं हॉल्टिंग, यार्डाचं भाडं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (डबा जास्त दिवस अडकवल्याचा आकार), तेही डॉलरमध्ये. मागच्या मोसमात एका खेपेला असंच झालं. निर्यातदाराने तो खर्च स्वतःच्या खिशातून भरला, आणि पुढच्या आठवड्यात वसमतच्या मोंढ्यात बोली लावताना तेवढा हात आखडता घेतला. शेवटी भरला तो शेतकऱ्याने. त्याला कट-ऑफ हा शब्दही माहीत नाही.

गंमत नाही, दुःख वाटावं अशी गोष्ट म्हणजे जालन्यात भरलेले डबे रोज येतात. आपल्या रोलिंग मिलांना लागणारं परदेशी भंगार कंटेनरमधून येतं आणि डबे रिकामे परत जातात. पण भंगाराच्या तेलकट डब्यात हळद भरता येत नाही. तो धुवायला, दुरुस्त करायला, तपासून खाद्यमालासाठी पास करायला जागा लागते. ज्या शिपिंग लाइनचा डबा त्याच लाइनच्या मालाला मिळायला लागतो, त्यासाठी सगळ्यांचे डबे एका ठिकाणी उभे राहायला लागतात. म्हणजेच ड्रायपोर्ट. जालन्याच्या दरेगाव-दिनेगाव शिवारात त्याचं भूमिपूजन २०१५च्या डिसेंबरात झालं. जमीन घेतली गेली, रस्ते-साइडिंगची कामं झाली, २०२२ला नवीन करार झाला. समृद्धीचं भूमिपूजन ड्रायपोर्टच्या भूमिपूजनानंतर तीन वर्षांनी, २०१८ला. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला. तोवर ड्रायपोर्टहून नियमित कंटेनरगाडी सुटलेली नव्हती. ड्रायपोर्ट बांधायला पैसे नव्हते म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. कुणाच्याच हप्त्याची तारीख त्याच्याशी बांधलेली नव्हती, म्हणून झालं.

उशीर म्हणजे पैसा, हे कर्जात सगळ्यात कडक लागू होतं. हजार कोटींवर आठ टक्क्यांनी वर्षाला ८० कोटी व्याज, दिवसाला जवळपास २२ लाख. बांधकाम चालू असतानाचं व्याजही खर्चातच धरतात, त्यामुळे उशीर झाला की प्रकल्पाची किंमत आपोआप फुगते. वाढवणला समृद्धीशी जोडणाऱ्या तवा ते भरवीर या १०४ किलोमीटरच्या रस्त्याला राज्याने २०२५ साली मंजुरी दिली. त्यासाठी हुडको या केंद्राच्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून १,५०० कोटींचं कर्ज, आणि त्यावरचं संभाव्य व्याज १,०२८.९० कोटी. पुन्हा वाचा. दीड हजार कोटींवर हजार कोटी व्याज. तरी मी म्हणतो, रस्ता करा, कारण त्याने अंतर ७८ किलोमीटरने कमी होतं आणि आपला ट्रक मुंबईच्या गर्दीत न शिरता बंदरावर जाईल. पण इतकं व्याज भरणार असू तर रस्ता ठरल्या तारखेला व्हावा, आणि समृद्धीच्या या टोकाला जालन्यात डबे धुवायची सोयही त्याच दिवशी तयार असावी.

रेल्वेचंही तेच. मनमाड-परभणी लाइन अजून बहुतांश एकेरी. अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरण मंजूर आहे, संभाजीनगर-परभणी १७७ किलोमीटर २०२५मध्ये मंजूर झालं. मालगाडीला सवारी गाडीसाठी तासन् तास बाजूला उभं करतात तोवर कुठला कारखानदार आपला माल रेल्वेने पाठवेल? वाढवणची क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू (एक टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा) सांगतात. एवढे डबे ट्रकांनी नेणार आहात का?

अजून एक माहिती, जी ऐकून आपल्या शेतकरी भावांचे कान टवकारतील. केरळने विझिंजम बंदरासाठी २,१०० कोटींचं कर्ज नाबार्डकडून घेतलं. हो, आपल्या पीककर्जामागे जी नाबार्ड असते तीच. त्यात बेकायदा काही नाही, पायाभूत सोयींना कर्ज देण्याची तिची योजना आहे. पण मग शेतमालाच्या वाहतुकीचा विचार त्या कर्जाच्या अटींत असावा, असं म्हणायचा हक्क शेतकऱ्याला मिळतो. केरळचं दुसरं प्रकरणही अभ्यासण्यासारखं आहे. याच बंदरासाठी केंद्राने दिलेले ८१७.८० कोटी अनुदान की परतफेडीचे, यावर राज्य आणि केंद्र यांच्यात किती काळ ओढाताण चालली. महाराष्ट्राने आपल्या २६ टक्क्यांबद्दल अशी कलमं आधीच नीट वाचून घ्यावीत. आणि त्या २६ टक्क्यांतून उद्या जो लाभांश येईल, त्यातला ठरावीक हिस्सा बंदरापासून दूरच्या जिल्ह्यांच्या मालवाहतुकीला राखून ठेवावा. ही भीक नाही.

वाढवण, वरोर, धाकटी डहाणूच्या मच्छीमारांना सोडून मला हे लिहिता येत नाही. १९९८ला डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने हेच बंदर नाकारलं होतं, २०२३ला परवानगी दिली. त्यांची मासेमारीची जागा जाणार आहे आणि ती भरून देणं हाही प्रकल्पाचाच खर्च आहे, कर्जाच्या पहिल्या हप्त्यातला, शेवटच्या नव्हे. नाथसागराखाली ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडं आजही कागद घेऊन फिरताना आपण बघतो. तो प्रकल्प आपल्याला हवा होता, जायकवाडीशिवाय मराठवाडा जगला नसता. म्हणूनच त्या माणसांचं देणं आपल्यावर जास्त आहे, आणि तीच चूक डहाणूत व्हावी असं आपण तरी म्हणू नये.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. वाढवणच्या कंपनीने आजवर कुठून, किती टक्क्यांनी कर्ज घेतलं किंवा मंजूर करून घेतलं, बांधकाम लांबलं तर वाढीव व्याज कोण भरणार, राज्याने कुठे हमी दिली आहे का, जालना ड्रायपोर्टच्या कामाला लेखी मुदत आहे का, मच्छीमारांच्या भरपाईला वेगळी रक्कम बाजूला काढली आहे का. राज्य आणि केंद्र दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज लागतील. जालना, परभणी, हिंगोली, संभाजीनगरचे जे व्यापारी, जिनिंगवाले, शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःच्या नावाने असाच अर्ज टाकायला तयार आहेत, त्यांनी कळवा. मसुदा मराठीत टाइप करून ठेवलाय, पाठवतो. जोडीला आपापल्या एका कंटेनरचा गोदामापासून जहाजापर्यंतचा खर्च ओळीनिशी लिहून द्या, बिलांच्या झेरॉक्ससह. आमदार-खासदारांकडे जाताना आपल्या हातात तो कागद हवा.