रेणुका-सीमाची फाशी कोणी घालवली?

कोल्हापूरच्या बालहत्याकांडाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘४२ मुलं मारणाऱ्या गावित बहिणींना बायका म्हणून दया दाखवली, प्रतिभाताई पाटलांनी माफ केलं, कोर्टानं सोडून दिलं, आणि जन्मठेप म्हणजे तरी काय, चौदा वर्षं!’ यामागचा संताप मला समजतो, तो माझाही आहे. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यामुळे ज्यांना जाब विचारायचा ते बाजूलाच राहतात. खरं असं की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली ती सरकारी दिरंगाईमुळे.

आधी ४२ चा आकडा. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात १३ मुलं पळवल्याचा खटला चालला. अंजनाबाई खटल्याआधीच कोठडीत मेली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाच खुनांसाठी ती कायम केली आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. पाच सिद्ध झालेले खून हे कमी आहे म्हणून कोणी ४२ करतं का? या प्रकरणाला फुगवायची गरजच नाही. कोल्हापुरात चोरी करताना सीमा पकडली गेली, तेव्हा गर्दीचं लक्ष उडवायला अंजनाबाईनं कडेवरचं पळवलेलं पोर जमिनीवर आपटलं. पोर जखमी झालं, माणसं तिकडे वळली, या निसटल्या. पुढे त्याच पोराचा रडतो म्हणून जीव घेतला. हे निकालपत्रात आहे.

‘बायका म्हणून सोडलं’ हे तर कुठेच बसत नाही. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राज्यपाल, राष्ट्रपती या पाचही ठिकाणी दोघींची फाशी टिकली. बाई असणं कुठेच आड आलं नाही. फाशीच्या बाबतीत आपल्या कायद्यात सवलत आहे ती गरोदर बाईला. शिवाय पुण्यातल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर २००७ मध्ये बलात्कार करून तिचा खून करणारे दोघे पुरुष आहेत. त्यांचीही फाशी मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली. कारण तेच, सरकारी दिरंगाई.

प्रतिभाताईंचं नाव कसं चिकटलं ते कळतं. राष्ट्रपती असताना त्यांनी अनेकांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, त्यावर टीकाही भरपूर झाली. पण गावित बहिणी त्या यादीत नाहीत. त्यांचा दयेचा अर्ज २०१४ मध्ये प्रणब मुखर्जींनी फेटाळला.

मग फाशी गेली कशी? अर्ज फेटाळल्यावर दोघी उच्च न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं शत्रुघ्न चौहान खटल्यात १५ जणांची फाशी रद्द करताना स्पष्ट केलं होतं की दयेचा अर्ज सरकारनं विनाकारण रखडवला, तर फाशी जन्मठेपेत बदलता येते, गुन्हा कितीही भयंकर असो. आज दोर की उद्या, या टांगणीवर माणसाला वर्षानुवर्षं ठेवणं हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग ठरतो. हा नियम पटो न पटो, तो सरकारला माहीत होता. तरीही १८ जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती नितीन जामदार आणि सारंग कोतवाल यांना फाशी जन्मठेपेत बदलताना दिरंगाईचा हिशेब मांडावा लागला: ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. दोघींच्या गुन्ह्याबद्दल न्यायालयाच्या मनात तसूभरही शंका नव्हती. दोष ठेवला तो यंत्रणेवर, त्यातही मुख्यतः राज्य सरकारवर. संपर्काची आधुनिक साधनं हाताशी असताना फायली या टेबलावरून त्या टेबलावर रेंगाळत राहिल्या.

फाईल हलतच नाही असंही नाही. कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ ला कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली. राज्याचा गृहविभाग, राज्यपाल, केंद्र, राष्ट्रपती, सगळे टप्पे तीन महिन्यांच्या आत पार पडले. तीच यंत्रणा, तेच टप्पे. गरिबाघरच्या पोरांच्या खुनाची फाईल मात्र कोणालाच तातडीची वाटली नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

‘कोर्टानं सोडून दिलं’ हेही खोटं. पंचवीस वर्षं आत काढली, आता सोडा, अशी मागणी बहिणींनी केली होती. ती फेटाळली गेली.

राहिली चौदा वर्षं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच सांगितलं, आणि तेही आपल्याच राज्यातल्या गोपाळ गोडसेच्या अर्जावर. चौदा वर्षांचा आकडा येतो तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमातून (जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५ कलम): फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला किमान एवढी वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. ती खालची मर्यादा आहे. तिथे पोचलं की दार आपोआप उघडत नाही. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणून शिक्षा निम्म्यात संपते, ही तर निव्वळ भाकडकथा. या दोघी १९९६ पासून आत होत्या, म्हणजे फाशी रद्द झाली तेव्हाच चौदा वर्षं कधीच उलटून गेली होती.

पुण्याच्या त्या प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ३५ वर्षांची शिक्षाच कायम ठेवली आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्यानं गृह किंवा तुरुंग विभागात स्वतंत्र कक्ष उभारावा असा आदेश दिला. तो मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा आपल्या आमदाराला एवढंच विचारा: महाराष्ट्राचा कक्ष कुठे आहे, आणि आज त्याच्या टेबलावर किती फायली किती दिवसांपासून पडून आहेत?