‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन पांढऱ्या उंदरांच्या माद्या विकत आणल्या. दुकानात नर-माद्या एकाच पिंजऱ्यात होत्या, हे डोळ्यांना दिसले तरी डोक्यात शिरले नाही. अठराव्या दिवशी त्यांतली एक व्याली आणि ११ गुलाबी, आंधळी, अंगावर केस नसलेली पिल्ले पुढ्यात आली. गर्भाचा काळ २१ ते २३ दिवसांचा असल्यामुळे ती गाभणच घरी आली होती, हे उघड आहे. त्यानंतर अनेकांनी अभिनंदन केले आणि ‘आता नर आणून दुसरीलाही एकदा पिल्ले होऊ द्या, तिच्या तब्येतीला बरे असते’ असा सल्लाही दिला.

या सल्ल्याला आधार नाही. उलट अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये स्तनांच्या गाठींचे प्रमाण बरेच कमी आढळते. शिवाय मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते आणि व्याल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा येते, म्हणजे नर सोबत असल्यास एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरे पोटात राहू शकते. त्या वेळी पाजण्यामुळे गर्भ रुजणे काही दिवस लांबते खरे, पण तेवढ्याने त्या जिवाची ओढाताण टळत नाही. म्हणून नर वेगळा करायचा तो प्रसूतीनंतर नव्हे, त्याआधीच.

पिल्ले वाढताना पाहण्यात आनंद आहे, हे नाकारत नाही. पातळ कातडीतून पोटातले दूध पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते, तो पट्टा पाहूनच मी रोज सकाळी निश्चिंत होत असे. दोन आठवड्यांनी डोळे उघडले आणि तीन आठवड्यांत दूध सुटले. मात्र पाचव्या आठवड्यापासून पिल्ले स्वतःच प्रजननक्षम होऊ लागतात आणि भाऊ-बहीण, आई-मुलगा हे नाते त्यांना अडवत नाही. सहा नरांसाठी दुसरा पिंजरा घ्यावा लागला. घरे शोधताना दोघांनी ती सापाला खाऊ घालण्यासाठी मागितली, त्यांना मी उत्तरही दिले नाही.

दुकानदाराला विचारले तेव्हा ‘लहानपणी नर-मादी कळत नाही’ असे त्याने सांगितले. पाच आठवड्यांच्या नराचे वृषण शेपटीखाली स्पष्ट दिसतात. ते दिसत नाहीत म्हणणाऱ्याकडून मी पुन्हा कोणताही प्राणी घेणार नाही.