घुंगरू पाकिटात की कढईत?

आमच्या जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. डोळे मिटून शब्दकोशातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवा, उजवा मेंदू जागा होतो आणि पाच मिनिटांत भन्नाट कल्पना सुचते. शब्द आवडला नाही तर दुसरा घ्या. अनुभव लागत नाही, उलट आडवा येतो. आणि शेवटी पुरावा म्हणून, बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या?

मूळ युक्ती खरी आहे. ‘लॅटरल थिंकिंग’, म्हणजे सरळ वाट सोडून आडवाटेने विचार करणं, हा शब्द १९६७ साली रूढ करणारे माल्टाचे डॉक्टर एडवर्ड डी बोनो ती शिकवायचे. मन रोजच्या चाकोरीतून चालतं, आपल्या अडचणीशी भलताच शब्द जोडून पाहिला की तो त्याला बांधावरून उतरवतो. पण मेसेजमधलं बाकीचं सगळं पदरचं आहे.

उजव्या मेंदूचं पटकन उरकतो. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. ‘उजव्या’ मेंदूची माणसं वेगळी आणि ‘डाव्या’ मेंदूची वेगळी, असं काही दिसलं नाही. त्यात बहुतेकांच्या भाषेचं बरंचसं काम चालतं डावीकडे, आणि हे निघालेत शब्दाने उजवा जागवायला!

‘आवडला नाही तर दुसरा घ्या’ हे तर युक्तीच्याच मुळावर येतं. डी बोनो सांगायचे, पहिला आलेला शब्दच धरा. आपल्याला आवडणारा शब्द बहुतेक वेळा आधीच मनात असलेल्या उत्तराच्या शेजारचा असतो. मग शब्दकोश उघडलाच कशाला?

आता अनुभवाचं. माझे दाजी सावद्याकडे केळीचे वेफर्स तळतात. शेजारी दुसरं दुकान लागलं आणि गिऱ्हाईक फुटलं. मेसेज वाचून भाच्याने शब्दकोश उघडला. शब्द निघाला ‘घुंगरू’. भाचा लगेच म्हणाला, “पप्पा, मंग पाकिटात एकेक घुंगरू टाकू ना!” पोराच्या घशात गेलं म्हणजे?

दाजी काही बोलले नाहीत, झारा हलवत राहिले. कच्च्या केळीच्या चकत्या तेलात पडल्या की आधी नुसता चर्रर्र कल्लोळ असतो. पाणी उडालं की तो बसतो, आणि झारा फिरवला की वेफर्स खुळखुळतात. दाजी घाणा डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त ओळखतात. ते म्हणाले, “घुंगरू तं कढईतच वाजतं भो. ते आपण मागच्या खोलीत कोंडलंय.”

शब्द दोघांना एकच मिळाला होता. कानात वीस वर्षांची कढई फक्त एकाच्या होती.

बहिणाबाईंचंही तेच. १८८० साली आसोद्यात जन्मलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती, पण शेत, विहीर, घरोटं, पाखरं यांची तिला होती तेवढी ओळख आपल्यातल्या किती पदवीधरांना आहे? तिला ‘काही येत नव्हतं’ म्हणणाऱ्याने एकदा पेरणीला उभं राहून दाखवावं.

राहिली पाच मिनिटं. सुचायला कदाचित तेवढीच लागली. कढई रस्त्याच्या बाजूला आणायला आठ दिवस गेले. भट्टीचा ओटा नव्याने बांधला, धूळ तेलात येऊ नये म्हणून काच लावली. काच लावली तर खुळखुळ बाहेर ऐकूच येईना, म्हणून ती परत अर्धी कापून आणली.