‘फोटो गायब? टॅब रीसेट मारा’ या फॉरवर्डचा समाचार

टॅबमधले फोटो दिसेनासे झाले की एक मेसेज हमखास पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिलीट झालेला फोटो मेमरीत राहतोच, रिकव्हरी अ‍ॅप टाकलं की परत येतो. नाही आला तर फोटो अ‍ॅपचा डेटा क्लिअर करा. मेमरी कार्ड असेल तर फॉरमॅट करून रिकव्हर करा. तरीही जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे टॅब पुसून नव्यासारखा करा, कारण ‘सगळं क्लाउडवर असतंच’. हा सल्ला निरुपयोगी असता तरी चाललं असतं. पण जो फोटो नुसता लपलेला होता, तो या पायऱ्यांनी कायमचा जाऊ शकतो.

‘रिकव्हरी अ‍ॅपने फोटो परत येतो’

जुन्या हार्ड डिस्कवर हे बऱ्याचदा खरं असायचं. टॅबची मेमरी मात्र फ्लॅश, म्हणजे चिपवरची असते. फाईल डिलीट झाली की सिस्टीम ट्रिम कमांड देऊन ती जागा मोकळी झाल्याचं चिपला कळवते आणि चिप ती सवडीने पुसून टाकते. त्यात डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात. आयपॅडमध्ये तर प्रत्येक फाईलची किल्ली वेगळी असते, ती गेली की मागे उरतो तो निव्वळ कचरा. अँड्रॉइडवर, रूट न केलेल्या (सिस्टीमचे पूर्ण अधिकार न उघडलेल्या) टॅबमध्ये, साध्या अ‍ॅपला मेमरीच्या त्या थरापर्यंत पोचताच येत नाही. मग ही अ‍ॅप्स हजारो फोटो ‘सापडले’ म्हणून दाखवतात ते कुठले? एकतर टॅबवर आधीपासून असलेले, नाहीतर कॅशेमधले, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातले थंबनेल (छोट्या प्रती). झूम करून बघा, लगेच ठोकळे दिसतात. आणि पूर्ण फोटो हवा असेल तर पैसे भरा, हे ओघाने आलंच.

डिलीट झालेला फोटो खरोखर परत मिळतो तो ट्रॅशमधून. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, न झालेला 30 दिवस. आयपॅडवर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये 30 दिवस. आयपॅडओएस 16 पासून हा अल्बम कुलूपबंद असतो, पासकोड, बोट किंवा चेहरा यांशिवाय उघडत नाही. शेजारचा ‘हिडन’ अल्बमही उघडून बघा. तो दिसतच नसेल तर सेटिंग्जमधल्या फोटोजच्या पानावर तो दाखवण्याचं बटण आहे.

‘अ‍ॅपचा डेटा क्लिअर करा’

कॅशे क्लिअर करणं आणि डेटा क्लिअर करणं यात फार फरक आहे. कॅशे खुशाल उडवा. डेटा उडवताना मात्र गूगल फोटोजचं ‘लॉक्ड फोल्डर’ आठवा: त्यातल्या ज्या फोटोंचा बॅकअप नाही, ते डेटा क्लिअर केल्यावर किंवा अ‍ॅप अनइन्स्टॉल केल्यावर कायमचे जातात. तिथून ट्रॅशही नाही.

अँड्रॉइडची गॅलरी सहसा फोल्डर चाळत बसत नाही, सिस्टीमने बनवलेल्या यादीवर विसंबते. यादी मागे पडली की फाईल जागेवर असूनही फोटो दिसत नाही. त्यामुळे आधी टॅब रीस्टार्ट करा, मग ‘फाईल्स’ अ‍ॅपमध्ये डीसीआयएम आणि पिक्चर्स फोल्डर उघडा. फाईल तिथे असेल आणि गॅलरीत नसेल, तर हिडन फाईल्स दाखवायला सांगून त्या फोल्डरमध्ये ‘.nomedia’ (नोमीडिया) नावाची रिकामी फाईल आहे का पाहा. ती असली की गॅलरी अख्खं फोल्डर वगळते. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो दिसत नसतील तर त्याच्या चॅट सेटिंगमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद असण्याची शक्यता जास्त.

‘कार्ड फॉरमॅट करा, मग रिकव्हर करा’

कार्डवरचे फोटो परत मिळण्याची आशा खरी असते, म्हणून तर हा सल्ला जास्त घातक. कार्ड ताबडतोब बाहेर काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून त्याची छोटी कळ लॉककडे सरकवा, कंप्युटरला लावा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो कंप्युटरवर उतरवा, त्याच कार्डवर नाही. फाईलींची मूळ नावं परत मिळत नाहीत, तेवढं सोसा. कार्ड टॅबची ‘इंटर्नल’ मेमरी म्हणून वापरलं असेल तर मात्र ते एन्क्रिप्टेड असतं आणि त्याची किल्ली त्याच टॅबमध्ये असते. ते कंप्युटरवर वाचता येणार नाही.

‘रीसेट मारा, सगळं क्लाउडवर असतंच’

खरा घात इथे होतो. गूगल फोटोज आपणहून कॅमेऱ्याचं फोल्डर घेतं. स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप, डाउनलोड ही फोल्डरं बॅकअपच्या सेटिंगमध्ये एकेक करून चालू करावी लागतात. मोफत 15 जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटलेली असते, ती भरली की बॅकअप थांबतो. आयक्लाउडला मोफत जागा 5 जीबीच.

शिवाय टॅब घरात बऱ्याचदा सामायिक असतो. वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइल चित्रावर टॅप करून खातं कोणाचं आहे ते पाहा, फोटो भलत्याच खात्यात गेलेले असू शकतात. अँड्रॉइडवर वेगळा ‘युजर’ केला असेल तर त्याची मेमरीही वेगळी, एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. बॅटरी संपून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या टॅबची तारीख चुकली असेल, तर नवे फोटो यादीत पार तळाशी, जुन्या वर्षांत जाऊन बसतात.

आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तो बॅकअप नव्हे, सिंक आहे: फोनवर कुणी फोटो उडवला की आयपॅडवरूनही जातो. अशा वेळी आयपॅड रीसेट करून काय साधणार?

रीसेटमध्ये एन्क्रिप्शनच्या किल्ल्याच नष्ट होतात, इंटर्नल केलेल्या कार्डाचीसुद्धा. तेव्हा रीसेट करायचाच असेल तर आधी दुसऱ्या यंत्रावर, ब्राउझरमध्ये, त्याच खात्याने क्लाउड उघडा. सगळ्यात अलीकडचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते बघा आणि एखादा फोटो पूर्ण आकारात डाउनलोड होतो का तपासा. त्या तारखेनंतरचे आणि बॅकअप चालू नसलेल्या फोल्डरांमधले सगळे फोटो यूएसबी केबलने कंप्युटरवर उतरवल्याशिवाय रीसेटच्या बटणाला हात लावू नका.