आला परत तो फोटो!

फराळाचं तळण सुरू व्हायचा अवकाश, फॅमिली ग्रुपवर काकांचा फोटो हजर! ‘नासाने अंतराळातून टिपलेली भारताची दिवाळी.’ लाल, निळा, हिरवा नुसता झगमगाट. अहो काका, ती एका रात्रीची दिवाळी नाहीये! १९९२, १९९८ आणि २००३ साली कुठे कुठे दिवे वाढले, ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलंय. नासाने २०१२ मध्येच सांगून टाकलं, की दिवाळीचा जास्तीचा उजेड वरून जवळजवळ कळतही नाही. दरवर्षी मी हे इमानेइतबारे टाइप करते. उत्तर काय, तर हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘भावना समजून घे गं’. आणि हेच काका माझ्या हातात ड्रॅगनवाली कादंबरी दिसली की म्हणणार, ‘या वयात कसल्या भाकडकथा वाचतेस?’