थंड होणाऱ्या धातूचा ‘खरा आवाज’: दाव्यात किती तथ्य?

होम स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या बोलण्यात एक दावा सारखा कानावर येतो. अमुक सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावर आवाज घडवणारं वाद्य) म्हणे थंड होणाऱ्या पदार्थांच्या भौतिकशास्त्रावर बांधलाय. त्यामुळे तापलेला धातू निवताना होणारा खराखुरा आवाज त्यातून ऐकू येतो. त्याचा सूर न्यूटनच्या नियमानं विझतो, म्हणून तो नैसर्गिक. तापमानाचा नॉब फिरवला की सूर अस्सल धातूसारखा हलतो. आणि आता वाद्यांच्या रेकॉर्डिंगची गरजच संपली. या सगळ्यात एक गोष्ट खरोखर भारी आहे, पण नेमकी तीच कुणी सांगत नाही.

पहिला मुद्दा, निवण्याच्या आवाजाचा. उष्णता पसरते, ती झोके घेत नाही. २०० अंशांची सळई खोलीच्या तापमानाला येते ती सरळ उतरत. खोलीपेक्षा गार होऊन पुन्हा तापत नाही. आवाजाला मात्र असं मागेपुढे होणंच लागतं. मग संध्याकाळी पत्र्याचं छप्पर कडकडतं, गाडी बंद केल्यावर सायलेन्सर टिकटिकतो, ते काय? तिथे धातू आकसतो, कुठेतरी अडकून राहतो, ताण साठतो आणि अचानक सुटतो. आवाज त्या सुटण्याचा. पोलादात मार्टेन्साइट (झपाट्यानं निवताना बनणारी कडक रचना) तयार होतानाही असेच टिचके उठतात. फोर्स्टर आणि शाइल यांनी १९३६ साली ते उपकरणांनी टिपले होते. पण हे सगळे झटके आहेत, आणि उष्णतावहनाच्या समीकरणात झटक्यांना जागाच नाही. ते हवे असतील तर वेगळं गणित लिहावं लागतं.

न्यूटनचा नियम लावला की ऱ्हास नैसर्गिक होतो, हे दुसरं विधान. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानात जितका फरक, तितका निवण्याचा वेग, असं हा नियम सांगतो. लालभडक धातूला तो धड लागूही पडत नाही, कारण तिथे बहुतेक उष्णता प्रारणानं जाते. पण ते सोडा. या नियमातून निघणारा घातांकी उतार म्हणजे कपॅसिटर रिकामा होतानाचाच उतार. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथच्या एन्व्हलपमध्ये, म्हणजे सूर कसा चढावा नि विझावा हे ठरवणाऱ्या भागात, तो पहिल्यापासून होता, त्यावर ‘धातू’ असं लेबल नव्हतं इतकंच.

खरी गंमत आहे ती फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या समीकरणात. ज्या मालिकेनं आज आपण ध्वनीचे तुकडे पाडतो, ती जोसेफ फूरिये यांनी घडवली ती उष्णतेसाठी. त्यांचं काम १८२२ साली ग्रंथरूपात आलं. सळईतल्या तापमानाचा चढउतार साध्या लाटांत मोडला, तर प्रत्येक लाट आपापल्या वेगानं विझते, आणि तो वेग लाटेच्या क्रमांकाच्या वर्गानं वाढतो. दुसरी लाट पहिलीच्या चौपट वेगानं विझते, दहावी शंभरपट. हाच नियम हार्मोनिकांना, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेच्या स्वरांना लावा. सुरुवातीचा टोकदार, चमकदार आवाज झपाट्यानं गोल होत जातो आणि शेवटी मूळ स्वर तेवढा रेंगाळतो. छेडलेल्या तारेची आठवण यावी इतकं हे जवळचं आहे.

आणि हे नवंही नाही. केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ साली मांडलेली रीत बघा. साधारण ४०० यादृच्छिक आकड्यांची एक रांग घ्यायची, ती गोल फिरवत वाजवायची, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक आकड्याच्या जागी त्याची नि शेजाऱ्याची सरासरी ठेवायची. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर सुमारे ११० हर्ट्झचा तारेसारखा सूर निघतो. शेजाऱ्याशी सरासरी म्हणजे उष्णता पसरण्याची एक पायरीच. हिशेब केला तर इथेही ऱ्हास जवळजवळ वारंवारतेच्या वर्गानं वाढलेला दिसतो. फक्त सूर जन्मतो रांग फिरण्यातून. निवण्याचं गणित त्याला घडवत नाही, झिजवतं.

तापमानाच्या नॉबचं आता आकड्यांत बघू. पोलादी ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) तापला की त्याचा सूर किंचित उतरतो, दर अंशाला दहा हजारात साधारण एक भाग. म्हणजे ४४० हर्ट्झचा फोर्क १० अंश तापला तर अर्ध्या हर्ट्झच्या आसपास फरक, दोन सेंटही नाही (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बासरीचं उलट. हवा तापली की त्यातला ध्वनीचा वेग वाढतो, आणि २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास सूर जवळपास ३० सेंट चढतो. नॉब फिरवून सप्तकभर सरकणारा सूर कुणाला आवडला तर जरूर वापरावा. त्याला धातुशास्त्राचा दाखला देऊ नये.

‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’चं नाव घेऊन सिंथ स्वतःच सर्वांत गोड आवाज शोधतो, असंही कधीकधी जोडलं जातं. कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी १९८३ मध्ये मांडलेली, धातू हळूहळू निववण्याच्या कल्पनेवर बेतलेली ती शोधाची पद्धत आहे. गोड कशाला म्हणायचं, हे तिला आधी माणसानंच सांगावं लागतं.

राहिला वाद्यांचा प्रश्न, आणि दावा सर्वांत उताणा पडतो तो तंबोऱ्यावर. निवण्याचं समीकरण फक्त विसरू शकतं. एकदा विझलेलं वरचं हार्मोनिक ते परत आणू शकत नाही, आणि उलटं चालवायला जावं तर बारीकसारीक गोंगाटही घातांकी वेगानं फुगून सगळा हिशेब उधळतो. तंबोऱ्यात तार रुंद, किंचित वक्र घोडीला टेकत-सुटत राहते, आणि त्या स्पर्शातून खालच्या स्वरांची ऊर्जा वरच्यांत जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हेच नोंदवलं होतं. साध्या तारेत जिथे छेडावं तिथे ज्या हार्मोनिकाचा स्थिर बिंदू असतो, ते वाजायलाच नको. तंबोऱ्यात ते खुशाल वाजतं. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडी घासून नि दोरा सरकवून ज्याच्यासाठी जीव टाकतो ती जवारी म्हणजे हीच देवाणघेवाण.

संगणकावर हे जमत नाही असं मुळीच नाही. पण त्यासाठी तार घोडीला कुठे टेकली, याचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो. तो हिशेब धडकेचा आहे, निवण्याचा नाही. अशा एखाद्या सिंथमध्ये ‘तंबोरा’ नावाचा प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेला आवाज) दिसला, तर पंचमाची तार एकटीच छेडून बघा. जवारी लागलेल्या तारेत वरचे स्वर छेडल्यानंतर उमलतात आणि एकामागून एक खाली उतरत येतात. प्रीसेटमध्ये ते छेडल्या क्षणीच सर्वांत ठळक असून पुढे नुसते मावळत गेले, तर तिथे घोडीचं गणित घातलेलंच नाही.